नैवेद्य दाखवून बाजूला व्हावं

मुलाने भाजी खावी म्हणून देवाचं नाव घ्यावं की नाही? प्रश्न किरकोळ दिसतो, पण मला तो धर्माचाच वाटतो, आणि पोथीतल्या पुष्कळ प्रश्नांपेक्षा निकडीचा. यवतमाळात आमच्या गल्लीतून संध्याकाळी जेवणाच्या वेळी चक्कर मारा, घरोघरी एकच पाठ चाललेला ऐकू येतो. पानात टाकलंस तर देवबाप्पा रागावेल. अन्नाला नाव ठेवणाऱ्याला पुढच्या जन्मी उपाशी राहावं लागतं. मारुतीराया रोज पालक खायचा, म्हणून तर त्याला डोंगर उचलता आला. (मारुतीच्या तोंडी पालक कुणी घातला ते उघड आहे. पॉपाय नावाचा एक विलायती खलाशी डबा फोडून पालक खायचा, तो टीव्हीतून उतरून थेट द्रोणागिरीवर गेला.) आणि सगळे देव थकले की हुकमाचा एक्का: भाजी संपव, मग मोबाइल.

धाक, थाप आणि लाच. या तिन्ही गोष्टी करू नका म्हणून आपण एरवी मुलांना सांगत असतो. जेवणाच्या पाटावर मात्र त्या चालतात, कारण हेतू चांगला आहे.

मी काही कीर्तनकार नाही. घाटंजी आणि केळापूर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आता मुलाकडे यवतमाळला असते. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जाते. घरात चार वर्षांची नात आहे आणि ती भाजी खात नाही. बोलायचा अधिकार एवढाच.

शाळेतला अनुभव आधी सांगते. १९९५ साली पोषण आहाराची योजना आली तेव्हा मुलं तांदूळ पिशवीत घालून घरी न्यायची. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्या म्हणून सांगितलं आणि पुढे शाळाशाळांत चूल पेटली. मोजमाप ठरलेलं आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला भाजी ७५ ग्रॅम. कागदावरची ही ५० ग्रॅम भाजी ताटात काय होऊन बसते ते मी रोज बघत असे. खिचडीत कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, फोडी असायच्या. मुलं ओळीने मांडी घालून बसत, ‘वदनी कवळ’ खणखणीत आवाजात म्हणत, आणि श्लोक संपला रे संपला की तर्जनी अन् अंगठ्याच्या चिमटीत एकेक फोड धरून ताटाच्या काठाला लावून ठेवत. काम अतिशय नेटकं. भात चिकटलेला असेल तर तो चाटून घ्यायचा, मग फोड बाजूला. जेवण संपेपर्यंत ताटाला केशरी किनार तयार. जेवण म्हणजे यज्ञ, असं आत्ताच ठणकावून सांगितलेल्या तोंडांनी हे चालायचं. यज्ञात कोहळ्याची आहुती नको, एवढंच.

हीच मुलं शाळा सुटली की काय खायची? धुऱ्यावरची अंबाडीची लालबुंद बोंडं. चिंचेचा कोवळा पाला. कवठ दगडावर आपटून, मिठाशी. हिवाळ्यात बोरं, मग चिंचा, उन्हाळ्यात रानातली टेंभरं आणि चारं. तुरीला शेंगा भरल्या की वावरातून येताना हिरवे सोले खिशात. पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, कोलामांची पोरं तर मला माहीत नसलेली फळं खाऊन यायची आणि नावं विचारली की हसायची. घरी अंबाडीची भाजी केली तर नाक मुरडणारं लेकरू धुऱ्यावर कच्ची अंबाडी कराकरा चावत होतं.

एकदा एका पोरीला विचारलं, ताटातलं कोहळं का काढलंस? म्हणाली, “मले नाई आवडत.” म्हटलं, अन् अंबाडीचं बोंड आवडते? आंबट ढाण असते ते. तर म्हणाली, “ते तं म्या तोडलं होतं ना, मॅडम.”

आहारशास्त्रातलं काही पुढे वाचलं तेव्हाही मला यापेक्षा नेमकं उत्तर मिळालं नाही. चव दोन नंबरला. आपण तोडलं की कुणी वाढलं, हे आधी.

मग देवाकडे वळते. आपल्या घरात ज्याला आपण खरोखर आदराने जेवू घालतो असा एकच पाहुणा असतो, तो म्हणजे देव. नैवेद्य कसा दाखवतात ते डोळ्यांसमोर आणा. ताट पूर्ण वाढायचं, मीठ-लिंबापासून पुरणापर्यंत, आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या जागी. खाली पाण्याचं चौकोनी मंडल. तुळशीचं पान. पाणी फिरवायचं, पंचप्राणांना आहुती द्यायच्या, डोळे मिटायचे. आणि मग काय करायचं? काहीच नाही. थांबायचं. आमच्या विदर्भात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, ज्यांना पश्चिमेकडे गौरी म्हणतात. त्यांच्या जेवणाच्या दिवशी सोळा भाज्यांचा नैवेद्य असतो, आंबील असते, कढी असते. ताटं ठेवली की पडदा ओढून घरातली माणसं बाहेर येतात. महालक्ष्म्या जेवतायत, आत जायचं नाही. माझ्या सासूबाई तेवढा वेळ ओटीवर बसून राहायच्या आणि आम्हा कुणाला मोठ्याने बोलू द्यायच्या नाहीत.

पडदा सरल्यावर ताट भरलेलं असतं. दर वर्षी. सोळापैकी एकाही भाजीला हात लागलेला नसतो. तरी कुणी म्हणत नाही, ‘बघा, ढेमसं ठेवलंच बाजूला.’ कुणी चिडत नाही, कुणी पुढच्या वर्षी दोनच भाज्या करू म्हणत नाही. वाढणं आपलं, घेणं त्याचं. आणि न घेता त्याने घेतलं, असं धरून तेच अन्न प्रसाद म्हणून सगळ्यांच्या पानात जातं.

एका हाताने लहान मूल देवाचं रूप आहे म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने त्याचं नाक दाबून तोंडात घास कोंबायचा, हे मला जमत नाही. मुलाला देवासारखं मानायचंच असेल तर त्याला देवासारखं जेवू घालावं: ताट पूर्ण वाढावं, भाजी वगळू नये, आणि बाजूला व्हावं.

मंडळात मी हे बोलले तेव्हा एका वयस्क दादांनी मला नामदेवाने अडवलं. अडवणं रास्तच होतं. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दामाशेटी गावाला गेले, नैवेद्याचं काम लहानग्या नामदेवावर आलं. पोराने ताट ठेवलं, देव जेवेना. मोठ्या माणसाला ठाऊक असतं की देव जेवत नसतो. नामदेवाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने हट्ट धरला, रडला, पायरीवर डोकं आपटायला निघाला आणि देवाला जेवावं लागलं. दादा म्हणाले, “बाई, थांबून देव जेवला नाही. हट्ट केला तेव्हा जेवला. मग आईने लेकराजवळ हट्ट केला तर काय बिघडलं?”

हिंगोली जिल्ह्यातली नर्सी हे नामदेवांचं गाव मानतात. आमच्या उमरखेडहून फार लांब नाही. या गोष्टीवर आमच्याकडे कुणी बोट ठेवू देत नाही आणि मलाही ठेवायचं नाही. मी बरेच दिवस ती मनात घोळवली. एक लक्षात आलं. गोष्टीत हट्ट करणारं मूल आहे आणि न जेवणारा मोठा आहे. आपण पात्रं उलटी केली. आणखी एक: नामदेवाने देवाला काही देऊ केलं नाही. जेवलास तर मोदक देईन म्हणाला नाही, नाही जेवलास तर तुझ्या मूर्तीचं काही खरं नाही असंही म्हणाला नाही. जे पणाला लावलं ते स्वतःचं. इथवर माझी बाजू बरी आहे. पण पुढे अडचण येते, कारण स्वतःला पणाला लावण्याचा हा मार्ग आयांनाही ठाऊक आहे. ‘तू नाही खाल्लंस तर मी पण जेवणार नाही’ म्हणून रुसून बसलेली आई कुणी पाहिली नाही? ती अगदी नामदेवाच्याच वाटेने चाललेली असते. माझं उत्तर एवढंच की नामदेव पाच-सात वर्षांचा होता. त्याला तो हट्ट शोभला. चार वर्षांच्या जिवावर आईच्या उपासाचं ओझं टाकणं मोठ्या माणसाला शोभत नाही. दादांना हे पूर्ण पटलं नाही. मला स्वतःलाही नामदेव अजून थोडा अडतो, आणि अडू दे.

उपाशी ठेवण्याचा सल्लाही याच घराण्यातला. ‘नाही खात तर राहू दे उपाशी, भूक लागली की झक मारत खाईल.’ याला उपनिषदाचा आधार देणारे लोक मला भेटले आहेत. छांदोग्यात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्नावाचून ठेवतो. फक्त पाणी. मग विचारतो, वेद म्हणून दाखव. त्याला काही आठवत नाही. जेवल्यावर सगळं आठवतं, आणि मन अन्नाचं बनलेलं असतं हे त्याच्या ध्यानी येतं. गोष्ट मोठी आहे, पण श्वेतकेतू तेव्हा चोवीस वर्षांचा, बारा वर्षं शिकून आलेला जवान होता आणि काय चाललं आहे हे त्याला ठाऊक होतं. त्या उपासात शिक्षा नव्हती, प्रयोग होता. आपल्याकडे उपास लादला जातो तो रागाने.

वर्धा आमचा शेजारचा जिल्हा. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला राहिले, विनोबा पवनारला. एकादश व्रतांमध्ये एक अस्वाद आहे: जिभेसाठी खायचं नाही, देहाला लागतं तेवढं औषधासारखं घ्यायचं. आमच्या भागातल्या जुन्या शिक्षकांवर या व्रताचा मोठा संस्कार होता. मुलांच्या बाबतीत त्याचा अर्थ पुष्कळांनी असा काढला की भाजी बेचव असली तरी मुकाट्याने गिळायची, तेच चांगलं वळण. मला वाटतं इथे व्रताचा घोटाळा झाला. व्रत म्हणजे ज्याने घ्यायचं त्याने घ्यायचं. चव सोडण्याआधी चव माहीत असावी लागते. ज्याने सोल्यांची उसळ कधी मिटक्या मारत खाल्लीच नाही तो अस्वाद कसला पाळणार? मुलाला व्रत देता येत नाही, फक्त जेवण देता येतं.

सात्त्विक आहाराचंही तसंच. हल्ली हा शब्द दुकानातल्या पाकिटांवर सुद्धा असतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात तीन प्रकारचे आहार सांगितले आहेत, पण तिथे एकाही भाजीचं नाव नाही. आणि मला त्यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे आज्ञा नाही. कोणत्या स्वभावाच्या माणसाला कोणतं अन्न प्रिय असतं, एवढं वर्णन आहे. बोलणं आवडीबद्दल आहे. आवड ही आतून यायची गोष्ट, ती वरून चिकटवता येत नाही, हे गृहीतच धरलेलं दिसतं. (त्या अध्यायाप्रमाणे कडू आणि आंबट राजसात जातं. म्हणजे कारलं राजस आणि माझी शाळेतली चिंचा खाणारी सगळी पोरं राजस. असोत.)

शास्त्रवाले काय म्हणतात हेही बघितलं. १९२० च्या दशकात क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी नुकत्याच दूध तुटलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला. बाळांपुढे साधे, न मिसळलेले पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत ठेवायचे. एकूण यादीत चौतीस. परिचारिकेने काही सुचवायचं नाही, चेहऱ्यावर आनंद-नाराजी दाखवायची नाही. बाळाने हात पुढे केला तरच चमचा भरायचा. मुलांनी वाटेल ते, वाटेल तसं खाल्लं. कुणाच्या जेवणात काही मेळ नव्हता. आणि तरी सगळी धडधाकट वाढली. मुडदूस झालेलं एक बाळ माशाच्या यकृताचं तेल आपणहून घ्यायचं, आणि बरं झाल्यावर घेईनासं झालं. पण बाईंनी स्वतःच पुढे सांगून टाकलं की किमया यादीत होती: त्या चौतिसांत साखर नव्हती, बिस्किटं नव्हती, निकस असं काहीच नव्हतं. म्हणजे निवड बाळाची, यादी मोठ्यांची. आमच्या घरी यादीत कुरकुरे आहेत. ते नातीने आणलेले नाहीत.

लाचेबद्दलही प्रयोग झाले. लिअ‍ॅन बर्च यांनी १९८४ मध्ये लहान मुलांना केफिर नावाचं एक नवं आंबूस दुधाचं पेय दिलं. ज्यांना ‘प्यायलात तर बक्षीस’ सांगितलं त्यांना ते पेय नंतर कमी आवडू लागलं. बक्षीस द्यावं लागतं त्या अर्थी वस्तू वाईटच असणार, हा मुलांचा हिशेब, आणि चुकीचा म्हणता येणार नाही. इथे थांबले असते तर माझं काम सोपं झालं असतं. पण २०११ मध्ये लंडनच्या अभ्यासकांनी उलटं दाखवलं: नावडत्या भाजीचा इवलासा तुकडा चाखला की एक स्टिकर, असं बरेच दिवस केलं तर मुलांना ती भाजी आवडू लागते आणि स्टिकर बंद झाल्यावरही आवडत राहते. तेव्हा लाच चालते की नाही हे प्रयोगशाळेत एका वाक्यात मिटलेलं नाही. छोटी, न खाण्यासारखी, निव्वळ कौतुकाची असेल तर बहुधा चालते.

म्हणूनच मी हा धर्माचा प्रश्न म्हणते. लाच चालली तरी द्यावी का? नवस बोलणाऱ्यांना आपले संत का रागे भरले? केवळ नवसाने काही होत नाही म्हणून नव्हे. नवसात देव गिऱ्हाईक होतो म्हणूनही. ‘भाजी संपव मग मोबाइल’ या वाक्यात भाजी ही भोगायची शिक्षा ठरते आणि मोबाइल स्वर्ग. रोज दोन वेळा हे प्रवचन ऐकलेलं मूल मोठेपणी भाजी खाईलही, पण भाजीचा मान त्याच्या मनात राहणार नाही. अन्नाला नाव ठेवू नये असं तैत्तिरीय उपनिषदात व्रत म्हणून सांगितलं आहे. नाव मूल ठेवत नाही. ते नुसतं तोंड फिरवतं. नाव ठेवतो आपण, मोबाइल दाखवून.

धर्मात मुलांना भाजीपाल्याकडे नेणारं काहीच नाही असं कुणी समजू नये. भरपूर आहे, फक्त ते उपदेशात नाही, पंचांगात आहे. आषाढात कांदेनवमीला कांदा हवा तसा खाऊन घ्यायचा, मग चातुर्मास कांदा-वांगं बंद. आषाढी द्वादशीला वाघाट्याची भाजी, एरवी तिच्याकडे कुणी बघत नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही नको म्हणून कंदमुळांची, परसातल्या पाल्याची भाजी. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा, तिथे वांग्याचं दार पुन्हा उघडतं. चार महिने अडवलेलं वांगं ज्या चवीने खाल्लं जातं ती चव बाराही महिने फ्रीजमध्ये पडलेल्या वांग्याला कुठून येणार? गोंडांमध्ये नवं फळ, नवं धान्य देवाला दिल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. लहान मुलंसुद्धा थांबतात. झाडावर आंबा दिसतोय आणि अजून खायचा नाही! थांबलेल्या मुलाला आंबा खा म्हणून कुणाला सांगावं लागत नाही.

भोगीच्या भाजीला तर नावच लेकुरवाळी. वालाच्या शेंगा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोले, बोरं, तीळ, जे त्या दिवसांत वावरात आहे ते सगळं एका भांड्यात. आणि संक्रांतीनंतरचं बोरन्हाण, ज्याला आमच्याकडे लूट म्हणतात. बाळाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, हरभरा, गाजराच्या चकत्या, हलवा ओततात आणि जमलेली पोरं तुटून पडतात. गेल्या संक्रांतीला आमच्या नातीला शेजारच्या लुटीत नेलं होतं. घरी गाजराला तोंड न लावणारी ती पोर सतरंजीवर पोटावर पडून दुसऱ्याच्या कोपराखालून गाजराच्या चकत्या ओढत होती. ओढल्या तशा तोंडात. कुणी तिला खा म्हटलं नाही. म्हणायला कुणाला वेळच नव्हता. माझ्या सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी तशाच चकत्या डब्यात दिल्या, त्या जशाच्या तशा परत आल्या, हेही सांगितलं पाहिजे.

शबरीची बोरं याच जातीची. उष्ट्या बोरांची गोष्ट वाल्मीकींच्या रामायणात नाही, मागून आलेल्या भक्तांनी ती घातली, आणि चांगलं केलं. सोवळ्यात नैवेद्याची चव घेत नाहीत. शबरी मात्र आधी स्वतः चावते, गोड निघालं तर रामाला देते. मला ती भरवणाऱ्या सगळ्यांची गुरू वाटते, कारण ती आधी खाते. आमच्या घरी बाबा पानातली मेथी बाजूला सारतात आणि मुलीला मेथीचं महत्त्व सांगतात. मुलगी ऐकत नाही, बघते.

आता दुसरी बाजू, आणि तिच्यापुढे वरचं सगळं लाडाचं वाटू लागतं. ताट पूर्ण वाढावं म्हणते मी. पण ताटात वाढायला भाजी आहे का? पोडावर आणि तांड्यावर मी जी घरं पाहिली तिथे भाजी नको म्हणणारं मूल हा प्रश्नच नव्हता. तिथे भाकर, तिखट आणि वरणाचं पाणी होतं. गाडगेबाबांनी आपल्या उपदेशात पहिली गोष्ट भुकेल्याला अन्न ही सांगितली. नकार देण्याचा मान मुलाला द्यायचा तर आधी काहीतरी पुढे ठेवलेलं पाहिजे. शाळेतल्या त्या ताटाची केशरी किनार पाहून मी कधी रागावले नाही याचं हेही एक कारण. तिथे निदान काढून ठेवायला कोहळं तरी होतं.

सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या जेवणात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. लगेच ताटात धर्म आला. शाळेत अंडं नको म्हणणारे लोक पुढे झाले. मी स्वतः अंडं खात नाही. पण माझ्या शाळेतल्या बंजारा, गोंड, कोलाम, बौद्ध घरांतल्या लेकरांच्या ताटात काय असावं हे माझ्या सोवळ्याने ठरवावं, हे मला अधर्माचं वाटतं. केळं हवं त्याला केळं, अंडं हवं त्याला अंडं. देवापुढे आपण देवाला आवडतं ते ठेवतो. गणपतीला तुळस वाहत नाही, विठोबाला तुळशीवाचून चालत नाही, आणि दोघांचं भांडण लावत नाही.

यवतमाळ कापसाचा जिल्हा. पूर्वी कपाशीच्या ओळींत आणि धुऱ्यावर घरच्या बाया चवळी, भेंडी, अंबाडी, काकडी टोबून द्यायच्या. ते नगदी पीक नव्हतं, हिशेबातही नसायचं, पण पोळ्यापासून दिवाळीपर्यंत घरात भाजी असायची. पावसाळ्यात तरोटा, चिवळ, चवळाई आपोआप उगवायची, ती खुडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. निंदणाला मजूर मिळेना तेव्हा तणनाशक आलं. तणनाशकाला तण आणि भाजी यांतला फरक कळत नाही. त्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर एका बाईने मला सरळ विचारलं होतं की वावरातली भाजी पोराले देऊ का नको देऊ. मी काय सांगणार? चांगली धुऊन दे म्हटलं. पण ज्या वावरात बाप तोंडाला फडकं बांधून जातो तिथलं बोंड मुलाने तोडून खावं, असं मला तिला सांगता आलं नाही. आणि मुलाला हाताने तोडता आलं नाही तर मग उरतं ते फक्त वाढणं, आग्रह करणं आणि मोबाइल दाखवणं.

म्हणून माझी विनंती लेकरांच्या आयांना नाही, त्या आधीच पुष्कळ ऐकतात. विनंती वावर असणाऱ्या बापांना आणि आजोबांना आहे. मृग लागला की पेरणीच्या गडबडीत घराजवळच्या एका धुऱ्याला तणनाशक आणि फवारा दोन्ही लागू देऊ नका. कपाशीच्या कडेच्या दोन ओळी सोडा. त्यात अंबाडी, चवळी, भेंडी, काकडी लावा, कुंपणावर दोडक्याचा आणि काटवलाचा वेल चढवा, जमलं तर बांधाला एक बोर आणि एक सीताफळ राहू द्या. नैवेद्याची पहिली भाजी तिथली काढा. उरलेली पोरांना तोडू द्या, कच्ची खाल्ली तरी ओरडू नका.